पंचमीचा फेर आणि एक अर्ज

“बाई, परवानगीचा कागद दाखवा,” बागेचा वॉचमन म्हणाला आणि आम्ही दहा-बाराजणी एकमेकींकडं बघतच राहिलो. पंचमीचा फेर धरायला कसली आलीय परवानगी? नांदेडला आमच्या कॉलनीत अंगणंच उरली नाहीत, म्हणून तर बागेत आलो होतो!

दुसऱ्या दिवशी चौकशी केली. कार्यक्रमाची तारीख, वेळ, बायका किती, हे लिहून अर्ज द्यायचा. स्पीकर लावायचा तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं वेगळी लेखी परवानगी. रहिवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल. शेजारी कुणी आजारी असतं, कुणाची परीक्षा असते, पटलं.

“स्पीकर कशाला? आपले गळे काय गहाण पडलेत?” शेजारच्या काकू म्हणाल्या.

अर्जावर सही कुणाची? “आमच्या ह्यांची घेऊ,” एकीनं सुचवलं. मी म्हटलं, फेर आपण धरणार, मग सही त्यांची कशाला? शेवटी काकूंनीच थरथरत्या हातानं पहिली सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या अर्जावर ‘अर्जदार’ म्हणून!

फेर रंगला. निघताना कचराही आम्हीच उचलला.

परवा लातूरहून नणंदबाईंचा फोन आला, “वहिनी, तो अर्ज कसा लिहिलात, सांगा की!”

मैत्रिणींनो, अर्ज आठवडाभर आधी द्या. आणि हो, पोच घ्यायला विसरू नका.