‘क’चा प्रवास

पुण्याच्या जुन्या वाड्यांतील अरुंद जिने तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. माडीवर शिसवी पलंग न्यावयाचा झाला, तर तो अखंड स्थितीत त्या जिन्यातून जात नाही. मग सुतार येतो, पाय व फळ्या सुट्या करतो, तुकड्यांवर खडूने खुणा घालतो आणि माडीवर पलंग पुन्हा होता तसा उभा करतो. ई-मेलने मराठी पत्र जाते, तेव्हाही असाच प्रकार घडतो.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत. त्याला ठाऊक असतात केवळ शून्य आणि एक. अशा एका खुणेस ‘बिट’ म्हणतात, आणि आठ बिटांच्या गटास ‘बाइट’. ई-मेलच्या वाहतुकीचे नियम अमेरिकेत १९८२ साली ठरले, तेव्हा इंग्रजी अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांचाच विचार झाला होता. त्यांना सात बिट पुरतात. म्हणून वाटही सात बिटांचीच आखली गेली. आठवा बिट वाटेत गळाला, तरी इंग्रजी पत्राचे काही बिघडत नसे.

बिघडत असे ते आपले! पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे कार्य केले. १९९१ साली या लिप्यांसाठी ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली प्रसिद्ध झाली. तीत ‘क’चा क्रमांक होता १७९. आठव्या बिटाचे मोल १२८. तो गळाला की उरतात ५१, आणि हा तर इंग्रजी ‘तीन’ या अंकाचा क्रमांक! धाडावा ‘क’ आणि पोहोचावा ‘तीन’, असे पत्र वाचणार तरी कोण? चित्रे व ध्वनी यांचीही हीच गत.

वाट रुंद करावी, तर जगभरची यंत्रे बदलावी लागली असती. म्हणून १९९२ साली नॅथॅनियल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांनी जे नियम मांडले, त्यांत मालच सुटा करण्याची ‘बेस-६४’ ही रीत होती. तीन बाइट घ्यावेत. तीन आठे चोवीस बिट झाले. त्यांचे सहा-सहांचे चार गट पाडावेत. सहा बिटांच्या जुळण्या होतात चौसष्ट. आणि इंग्रजी मोठी अक्षरे २६, लहान २६, अंक १०, अधिकचे चिन्ह व तिरकी रेघ मिळून चिन्हेही चौसष्टच. प्रत्येक गटास त्यांतील एक चिन्ह द्यावे. पलीकडचा संगणक उलट क्रिया करून मूळ मजकूर उभा करतो. तिहींच्या जागी चार चिन्हे जातात, म्हणून ओझे एक-तृतीयांशाने वाढते. तेवढी हमाली द्यावीच लागते. कित्येकांना ही गुप्त लिपी वाटते. तसे मुळीच नाही. चिन्हांचा तक्ता सर्वांस खुला आहे.

आता वाट पुष्कळ ठिकाणी रुंद झाली आहे, तरी ही रीत चालूच आहे. मराठीसाठी आज ‘युनिकोड’ रूढ आहे. ई-मेलमध्ये त्यातील देवनागरीची प्रत्येक खूण सहसा तीन बाइटांची असते. ‘क’चे बिट असे:

१११००००० १०१००१०० १००१०१०१

सहा-सहांचे गट पाडले, की चिन्हे मिळतात ‘४’, ‘के’, ‘एस’ आणि ‘व्ही’. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि एकार अशा चार खुणा. त्यांची सोळा चिन्हे होतात, आणि दर चौकडीचा आरंभ ‘४’ व ‘के’ यांनीच होतो. दोन शब्दांमधील मोकळ्या जागेचा बाइट मात्र एकच. त्यामुळे ती आली की गटांची घडी सरकते, ही जोडी दिसेनाशी होते आणि तिसऱ्या मोकळ्या जागेनंतर पुन्हा प्रकट होते.