मूल नेमकं कुणाच्या टॅक्समध्ये?

माझ्या पीएचडीचा विषय अमेरिकेतली टॅक्स क्रेडिट्स, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींकडून हमखास येणारा प्रश्न: घटस्फोट झालाय, मूल डिपेंडंट म्हणून कुणी दाखवायचं? प्रश्न पैशांचा आहे. २०२५ सालासाठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट एका मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत आहे आणि ते दोघांत वाटून मिळत नाही.

'फी मी भरतो, म्हणजे हक्क माझा' असं बऱ्याच जणांना वाटतं. पण आई-बापांपैकी खर्च कुणी केला, हे इथे ठरवत नाही. मूल १९ वर्षांखालचं हवं (पूर्णवेळ शिकत असेल तर २४), त्याने स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः केलेला नसावा, आणि मुख्य म्हणजे ते अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्याकडे राहिलेलं हवं. ताबा दोघांकडे असेल तर चक्क रात्री मोजतात. १८३ विरुद्ध १८२, एका रात्रीवर निकाल! सुट्टीत पोर पुण्याला आजीकडे गेलं, तर एरवी त्या रात्री ते ज्याच्याकडे झोपलं असतं त्याच्या खात्यात ती रात्र जाते. लीप वर्षात समसमान झालं तर ज्याचं उत्पन्न जास्त, त्याचा हक्क. मला हे उलटंच वाटतं; गरज बहुधा दुसऱ्याला असते.

कोर्टाच्या आदेशात 'मूल वडिलांनी दाखवावं' असं असलं तरी २००८ नंतरच्या आदेशांना तेवढं पुरत नाही. मूल आईकडे राहत असेल तर तिने फॉर्म ८३३२ वर सही करून द्यावी लागते. त्यातूनही वडिलांकडे चाइल्ड टॅक्स क्रेडिट जातं. अर्न्ड इन्कम क्रेडिट जात नाही.

एवढी काटेकोरपणा का? पूर्वी फॉर्मवर मुलाचं नुसतं नाव लिहिलं की भागायचं. १९८६ च्या कायद्याने पाच वर्षांपुढच्या डिपेंडंटसाठी सोशल सिक्युरिटी नंबर मागितला, आणि १९८७ च्या फॉर्मांतून सुमारे ७० लाख डिपेंडंट गायब झाले! काही कधी जन्मलेच नव्हते, काही दोन-दोन फॉर्मांवर होते.

आज दोघांनी तोच नंबर टाकला तर नंतरचा ई-फाइल फॉर्म सहसा परत येतो. हक्क तुमचा असेल तर कागदी फॉर्म पाठवा, आणि मुलाचा पत्ता असलेली शाळेची, डॉक्टरची पत्रं जपून ठेवा. आयआरएस विचारते तेव्हा तीच मागते.