कोळंबीच्या देहांत औषधाचा प्रवास

रोग्यानें औषध घेतलें म्हणजे तें रोगावर काम करतें, एवढें सर्वांस ठाऊक असतें. काम संपल्यावर त्या औषधाचें पुढें काय होतें, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. रोगी मनुष्य असेल तर तो प्रश्न बहुधा त्याच्यापुरताच राहतो. पण रोगी जर तळ्यांत वाढविलेली कोळंबी असेल, तर तो प्रश्न खाणाऱ्याच्या ताटापर्यंत येऊन पोंचतो.

पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत खाडीकांठच्या तळ्यांतून कोळंबीची शेती होते. अशा दाट वस्तींत रोग लवकर पसरतो. व्हिब्रिओ जातीच्या जंतूंनीं कोळंबी मरूं लागली म्हणजे जगांतील अनेक देशांत खाद्यांतून ऑक्सिटेट्रासायक्लीनसारखें औषध देण्यांत येतें. कोळंबी अन्न एकदम गिळीत नाहीं. पायांनीं धरून हळूहळू कुरतडते. तेवढ्या वेळांत औषधाचा कांहीं अंश पाण्यांत विरघळून जातो. शिवाय खाऱ्या पाण्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम या औषधास बांधून टाकतात, आणि बांधलें गेलेलें औषध आंतड्यांतून नीट शोषलें जात नाहीं.

जें शोषलें जातें, तें प्रथम डोक्याच्या भागांतील एका अवयवांत सांठतें. मनुष्याचें यकृत व स्वादुपिंड या दोहोंचें काम हा अवयव एकटाच करतो. तेथून औषध रक्तांत मिसळून मांसांत शिरतें. बाहेर पडण्यास त्याला मुख्यतः तीन वाटा असतात : विष्ठा, कल्ले, आणि शृंगिकांच्या मुळाशीं असलेली उत्सर्जक ग्रंथि. ऑक्सिटेट्रासायक्लीन बहुतांशीं मूळ रूपांतच बाहेर पडतें. कॅल्शियमच्या ओढीमुळें त्याचा कांहीं भाग कवचांतहि अडकून राहतो, आणि कोळंबीनें कात टाकली म्हणजे कवचाबरोबर निघून जातो.

मांसांतील औषध रोज ठराविक वजनानें कमी होत नसून ठराविक काळांत निम्में होत जातें. समजा, एक किलो मांसांत ३२०० मायक्रोग्रॅम औषध आहे आणि दर दोन दिवसांनीं तें निम्में होतें. युरोपीय संघानें या औषधास ठरविलेली मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. तेथवर उतरण्यास पांच वेळां निम्में व्हावें लागेल, म्हणजे दहा दिवस लागतील. कोळंबी थंड रक्ताची असल्यामुळें पाणी गार झालें कीं तिच्या देहाचे व्यापार मंदावतात. निम्में होण्यास दोनांऐवजीं चार दिवस लागले, तर दहाचे वीस दिवस होतात. म्हणूनच शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस थांबून जाळें टाकावें, हें ठरवितांना पाण्याचें उष्णमान पाहावें लागतें.

कांहीं औषधांस मात्र हा हिशेब लागूच पडत नाहीं. नायट्रोफ्युरान वर्गांतील औषधें कांहीं तासांतच देहांतून नाहींशीं झालेलीं दिसतात. परंतु त्यांचे तुकडे मांसांतील प्रथिनांस चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात, व शिजविल्यानेंहि नष्ट होत नाहींत. क्लोरॅम्फेनिकॉलची गोष्ट आणखी निराळी आहे. त्याच्यामुळें क्वचित् एखाद्या मनुष्याच्या अस्थिमज्जेंत रक्त तयार होणेंच बंद पडतें. अमुक इतक्या अल्प मात्रेनें तसें होणार नाहीं, अशी खात्री देतां येत नसल्यामुळें त्याला सुरक्षित मर्यादाच ठरवितां आली नाहीं. चिनी कोळंबींत हें औषध सांपडल्यानंतर जानेवारी २००२ मध्यें युरोपीय संघानें चीनमधून येणारे प्राणिज पदार्थ घेण्याचें थांबविलें होतें. भारतांतहि कोळंबीच्या शेतींत या दोन्हींचा उपयोग निषिद्ध आहे.

येथें आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा प्राणघातक रोग विषाणूंचा आहे. जंतुनाशक औषध त्यावर मुळींच चालत नाहीं. तरी घाबरून तें तळ्यांत ओतलें, तर कोळंबी वांचत नाहीं. उलट पाण्यांतील व चिखलांतील जंतूंस त्या औषधाची संवय होते, आणि ही संवय एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊं शकते. मग पुढें एखाद्या मुलाच्या आजारांत तेंच औषध निरुपयोगी ठरण्याचें भय असतें.

घरीं कोळंबी सोलतांना डोकें, कवच व काळा दोरा काढून टाकण्याची रीत आहे. ती चांगलीच आहे. औषध जेथें अधिक सांठतें तो डोक्याचा भाग तिनें दूर होतो. परंतु मांसांत मुरलेलें औषध सुरीनें निघत नाहीं. तें काढण्याचें काम जिवंत कोळंबीचें शरीरच करूं शकतें, आणि त्याकरितां लागणारा वेळ तिला देणें हें तळें राखणाऱ्याच्या हातीं असतें.