युनिक्ससदृश मुक्त प्रचालन प्रणाली : जालकातील विश्वासार्हता व कार्यक्षमता

संगणकाची यंत्रसामग्री व तीवर चालणाऱ्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून स्मृती, चकत्या, जालजोडणी इत्यादींची वाटणी करणाऱ्या आज्ञावलीसंचास प्रचालन प्रणाली म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या युनिक्सच्या धर्तीवर पुढे अनेक प्रणाली तयार झाल्या. मूळ संहितेसह कोणासही घेता, बदलता व वाटता येणाऱ्या अशा प्रणालींत लिनक्स, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी व ओपनबीएसडी या प्रमुख होत.

शेवटच्या तीन एकाच कुळातील आहेत. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी आवृत्तीत टीसीपी/आयपी हे जालसंकेत अंतर्भूत होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलीतच, सु. ४०० यार्डांच्या अंतरावर, वहनाचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांपर्यंत घसरला. पोच न मिळालेली पाकिटे पुनःपुन्हा पाठविली गेल्याने मार्ग तुंबत होता. व्हॅन जेकबसन यांनी प्रेषकाने गर्दी ओळखून वेग स्वतःच कमी करण्याची योजना आखली आणि ती १९८८ च्या बीएसडी आवृत्तीत आली. लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सची जालसंहिता मात्र नव्याने लिहिली गेली. त्यामुळे आरंभीच्या काळात बीएसडीला अनुभवाचा लाभ होता.

हा फरक कायम राहिला नाही. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पुरस्काराने झालेल्या माइंडक्राफ्टच्या चाचणीत, अनेक प्रक्रियक व अनेक जालपट्टिका असता लिनक्सचा गाभा जालाचे काम एका वेळी एकाच प्रक्रियकावर करतो, हे दिसून आले. चाचणी पक्षपाती असल्याची टीका झाली. दोष मात्र खरा होता व २.४ आवृत्तीत (२००१) तो दूर झाला. २००३ मध्ये फेलिक्स फॉन लाइटनर यांनी केलेल्या तुलनेत जोडण्यांची संख्या वाढविली असता लिनक्स २.६ सर्वांत सरस व ओपनबीएसडी मागे आढळली. नेटबीएसडीच्या कार्यकर्त्यांनी आपल्या उणिवा काही आठवड्यांतच सुधारल्या. अशी तुलना त्या त्या आवृत्तीपुरतीच खरी मानावी.

पूर्वनियोजित मूल्येही फसवितात. ग्राहक पोच देण्यापूर्वी जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट स्वीकारणार असेल आणि फेरीस ०.२ सेकंद लागत असेल, तर मार्गाची वहनक्षमता १०० मेगाबिट असूनही प्रत्यक्ष वेग सु. २.६ मेगाबिट राहतो. पूर्ण वेगासाठी सु. २५ लक्ष बाइटांची खिडकी हवी. ही मर्यादा तपासल्याशिवाय एक प्रणाली मंद व दुसरी जलद ठरविणे व्यर्थ होय.

विश्वासार्हता मोजणे याहून कठीण. पुनरारंभाविना किती दिवस यंत्र चालले याच्या याद्यांत एकेकाळी बीएसडी यंत्रे वरच्या स्थानी असत. पण लिनक्सचा ३२ बिटांचा गणक, सेकंदास १०० ठोके या हिशेबाने, ४९७ दिवसांनी शून्यावर येई व त्यापुढील काळ दिसतच नसे. शिवाय आज वर्षानुवर्षे पुनरारंभ न केलेले यंत्र बहुधा सुरक्षादुरुस्त्यांविना राहिलेले असते.

प्रत्यक्ष वापरात विभागणी झालेली आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांवर लिनक्सच आहे. नेटफ्लिक्स चित्रफितींच्या वितरणासाठी फ्रीबीएसडी वापरते. ओपनबीएसडीने वेगापेक्षा संहितेच्या तपासणीस महत्त्व दिले. ओपनएसएसएच (१९९९) ही तिचीच देणगी. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्ता गट आहे. आपल्याकडील महाविद्यालयांत लिनक्सचाच परिचय अधिक असल्याने दुरुस्तीस माणूस चटकन मिळतो. हेही विश्वासार्हतेचेच अंग समजले पाहिजे, जरी ते कोणत्याही चाचणीत उतरत नाही.

वर्षातून ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे सु. पावणेनऊ तासांचा खंड. लहान शहरात हा काळ प्रणालीच्या दोषापेक्षा वीज जाणे व तार तुटणे यांतच खर्च होतो. ओपनबीएसडीतील कार्प या संकेताने दोन यंत्रे एकच पत्ता धारण करतात व एक बंद पडताच दुसरे काम हाती घेते. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तशा प्रसंगी एकाच तळमजल्यावरील दोन्ही यंत्रे एकदमच बुडतील. दुसरे यंत्र उंचावरील इमारतीत, निराळ्या वीजवाहिनीवर ठेवावे लागते; आणि कार्पला दोन्ही यंत्रे एकाच स्थानिक जालात हवी असल्याने त्या इमारती एकाच स्थानिक जालाने जोडणे आवश्यक ठरते.