संगणकालाच विचारा : शेलमधील ‘हेल्प’ आज्ञा

पडद्यावरील चित्रांवर माऊसने टिचकी मारून संगणकाकडून काम करून घेण्याची आपल्याला सवय आहे. पण संगणकाला लेखी आज्ञा देण्याची पद्धत याहून जुनी आहे आणि संशोधनसंस्थांत व इंटरनेट चालविणाऱ्या मोठ्या संगणकांवर ती आजही रोज वापरली जाते. या पद्धतीत पडद्यावर चित्रे नसतात. एक खूण आणि तिच्यापुढे लुकलुकणारी रेघ एवढेच दिसते. कोणत्या आज्ञा देता येतील याची यादी समोर नसते. मग नवख्या माणसाने काय करावे? त्याच्या प्रश्नांची उत्तरे संगणकातच साठवलेली असतात. ती कशी मिळवावीत आणि काही वेळा ‘या विषयावर माहिती नाही’ असे उत्तर का येते, ते आपण पाहू या.

शेल म्हणजे काय?

आपण टाइप केलेली आज्ञा वाचून ती अमलात आणणाऱ्या प्रोग्रॅमला ‘शेल’ म्हणतात. शेल म्हणजे कवच. संगणकाची यंत्रसामग्री ज्याच्या ताब्यात असते तो कार्यप्रणालीचा गाभा आतमध्ये, आणि त्याच्याभोवती माणसाशी बोलणारे हे कवच, अशी ही कल्पना आहे. लिनक्स संगणकांवर बहुधा ‘बॅश’ नावाचा शेल असतो. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला हा शेल १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९७९ साली स्टीफन बोर्न यांचा शेल युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला होता. बोर्न या नावावर कोटी करून नव्या शेलचे नाव ‘बोर्न अगेन शेल’, म्हणजे पुन्हा जन्मलेला शेल, असे ठेवले गेले. ‘बॅश’ हे त्याचेच लघुरूप.

या लेखात आज्ञांचे उच्चार नागरी लिपीत दिले आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीच्या लहान अक्षरांत लिहावयाच्या आहेत, हे लक्षात ठेवा.

समजा, माहीमच्या एका शाळेतील विज्ञान मंडळाच्या मुलांनी वर्षभर किनाऱ्यावर जाऊन भरतीच्या वेळा टिपल्या. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, हे त्यांना स्वतःच्या निरीक्षणांवरून दाखवावयाचे आहे. त्यांनी संगणकावर ‘भरती’ नावाचा फोल्डर केला आणि त्यात ‘जानेवारी’, ‘फेब्रुवारी’ अशा बारा फाइली ठेवल्या. शिवाय कच्च्या कामाच्या ‘कच्चे१’, ‘कच्चे२’ अशा काही फाइली त्यात साचल्या आहेत. आता त्यांना दोन कामे करावयाची आहेत : त्या फोल्डरमध्ये जाणे आणि कच्च्या फाइली काढून टाकणे. पहिल्या कामाची आज्ञा ‘सीडी’ आणि दुसऱ्या कामाची ‘आरएम’. दोन्ही आज्ञा दोन-दोन अक्षरांच्याच आहेत.

एक उत्तर येते, दुसरे येत नाही

‘हेल्प’ हा शब्द लिहून, जागा सोडून, ‘सीडी’ लिहा आणि एंटरची कळ दाबा. पडद्यावर लगेच माहिती येते. पहिल्या ओळीत आज्ञा लिहिण्याचा नमुना असतो, त्याखाली ती काय करते याचे वर्णन, मग तिचे पर्याय आणि शेवटी ‘एक्झिट स्टेटस’, म्हणजे काम संपल्यावर आज्ञा कोणता आकडा परत देते ते. काम यशस्वी झाले तर शून्य आणि न झाले तर शून्याखेरीज दुसरा आकडा, असा येथील संकेत आहे.

आता ‘हेल्प आरएम’ असे लिहून पाहा. बॅश सांगतो की, या नावाशी जुळणारा विषय नाही. ‘मॅन’ किंवा ‘इन्फो’ या आज्ञा वापरून पाहा. ‘आरएम’ ही आज्ञा तर संगणकावर आहे, रोज वापरलीही जाते. मग बॅशला तिची माहिती का नसावी?

याचे कारण असे की, आज्ञा दोन प्रकारच्या असतात. काही आज्ञा शेलच्या अंगातच असतात. बाकीच्या आज्ञा म्हणजे डिस्कवर वेगळे ठेवलेले स्वतंत्र प्रोग्रॅम होत. शेल त्यांना फक्त हाक मारतो. ‘हेल्प’ ही आज्ञा शेलच्या अंगच्या आज्ञांपुरतीच माहिती देते. घरातल्या कोणत्या डब्यात काय आहे ते आजी सांगू शकते. दुकानात काय आहे ते दुकानदारालाच विचारावे लागते. तसेच हे आहे.

‘सीडी’ घरातच का?

‘सीडी’ शेलच्या आत आणि ‘आरएम’ बाहेर, ही वाटणी कोणी मनाला येईल तशी केलेली नाही. तिच्यामागे तर्क आहे.

शेल जेव्हा बाहेरचा प्रोग्रॅम चालवतो, तेव्हा तो स्वतःचीच एक प्रत तयार करतो आणि त्या प्रतीकडून ते काम करवून घेतो. या प्रतीला अपत्य-प्रक्रिया म्हणतात. काम संपले की अपत्य-प्रक्रिया नाहीशी होते. आपण आता कोणत्या फोल्डरमध्ये आहोत, याची नोंद प्रत्येक प्रक्रियेची वेगळी असते. समजा, तुम्ही दादरला घरी बसून धाकट्या भावाला माहीमला पाठवले. तो माहीमला पोहोचला, पण तुम्ही दादरलाच राहिलात! ‘सीडी’ हा बाहेरचा प्रोग्रॅम असता तर नेमके हेच झाले असते. अपत्य-प्रक्रिया ‘भरती’ फोल्डरमध्ये गेली असती, तेथेच संपली असती आणि शेल होता तेथेच राहिला असता. म्हणून जागा बदलण्याचे काम शेलला स्वतःच करावे लागते. फाइल काढून टाकण्याचे काम मात्र अपत्याने केले तरी चालते, कारण फाइल डिस्कवरून गेली ती सर्वांसाठीच गेली.

युनिक्सच्या जनकांनाही हे अनुभवातूनच कळले. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्सची उभारणी सुरू केली. प्रत तयार करण्याची ही युक्ती त्यांनी प्रणालीत घातली तेव्हा सगळे आनंदात होते. पण फोल्डर बदलण्याची आज्ञा एकाएकी चालेनाशी झाल्याचे आढळले! ती शेलच्या आत घेतल्यावरच प्रश्न सुटला. ही हकिकत रिची यांनीच पुढे लिहून ठेवली आहे.

कोणाला विचारावे?

आज्ञा आतली की बाहेरची हे ओळखण्यासाठी ‘टाइप’ नावाचीच आज्ञा आहे. तिची अक्षरे टी, वाय, पी, ई. ‘टाइप सीडी’ असे विचारले की ती शेलच्या अंगची असल्याचे उत्तर येते. ‘टाइप आरएम’ विचारले की तो प्रोग्रॅम डिस्कवर कोठे आहे तो पत्ता येतो. एवढे कळले की पुढचा मार्ग सोपा होतो.

आज्ञा आतली असेल तर ‘हेल्प’ वापरा. नुसते ‘हेल्प’ लिहिले तर अंगच्या सर्व आज्ञांची यादी मिळते. ‘हेल्प’च्या पुढे आडवी रेघ व डी हे अक्षर, आणि मग आज्ञेचे नाव लिहिले तर एका ओळीतले वर्णन मिळते. ‘हेल्प हेल्प’ लिहिले तर ‘हेल्प’ स्वतःविषयीच माहिती देते!

आज्ञा बाहेरची असेल तर तिच्या नावापुढे जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून ‘हेल्प’ हा शब्द लिहा. लिनक्सवरील बहुतेक प्रोग्रॅम याला थोडक्यात उत्तर देतात. सविस्तर माहितीसाठी ‘मॅन’ ही आज्ञा आहे. मॅन म्हणजे मॅन्युअल, माहितीपुस्तिका. युनिक्सच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. ती परंपरा आजही चालू आहे. पुस्तिकेचे पान उघडल्यावर बाहेर पडण्यासाठी क्यू हे अक्षर दाबावे.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्येही ‘हेल्प’ आहे. मॅक संगणकांवर २०१९ पासून बॅशऐवजी ‘झेड शेल’ हा नेहमीचा शेल झाला आहे. त्यात बॅशचे हे ‘हेल्प’ नाही. तेथे आधी ‘बॅश’ असे लिहून बॅश सुरू करावा लागतो.

उत्तर कसे वाचावे?

ही माहिती सहसा इंग्रजीत असते, पण तिला घाबरण्याचे कारण नाही. तेच ते मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात. ‘यूसेज’ म्हणजे वापरण्याचा नमुना, ‘ऑप्शन’ म्हणजे पर्याय, ‘डिफॉल्ट’ म्हणजे आपण काहीच सांगितले नाही तर जे गृहीत धरले जाते ते. चिन्हेही ठरलेली आहेत. चौकोनी कंसातील भाग लिहिला नाही तरी चालतो. उभी रेघ म्हणजे दोहोंपैकी एक. तीन टिंबे म्हणजे असे आणखी कितीही. कंस आणि टिंबे आज्ञेत टाइप करावयाची नसतात. पवईच्या आयआयटी मुंबईने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिनक्सवरील पाठ मराठी आवाजातही उपलब्ध केले आहेत. ते ऐकत ऐकत हा सराव करता येईल.

एक मोकळी जागा

आता आपल्या मुलांकडे वळू. ‘भरती’मध्ये गेल्यावर त्यांना कच्च्या फाइली काढावयाच्या आहेत. त्यासाठी ‘आरएम’ पुढे ‘कच्चे*’ असे लिहितात. तारकाचिन्हाचा अर्थ ‘पुढे काहीही असो’. म्हणजे ‘कच्चे’ने सुरू होणाऱ्या सर्व फाइली. पण घाईत ‘कच्चे’ आणि तारकाचिन्ह यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली तर? मग शेल दोन वेगळी नावे समजतो : एक ‘कच्चे’ आणि दुसरे नुसते तारकाचिन्ह, म्हणजे फोल्डरमधील सर्व फाइली! ‘कच्चे’ नावाची फाइल सापडली नाही एवढी तक्रार येते आणि बाराही महिन्यांच्या नोंदी नाहीशा होतात. ‘आरएम’ने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही, आणि गेलेली भरती पुन्हा मोजता येत नाही.

‘आरएम’ची माहिती आधी वाचली असती तर त्यात एक ओळ दिसली असती : आडवी रेघ आणि आय हे अक्षर दिले तर प्रत्येक फाइल काढण्यापूर्वी विचारले जाते. हा पर्याय दिला असता तर चुकून जागा पडूनही ‘एप्रिल’ ही फाइल काढू का, असा प्रश्न आला असता. ‘एप्रिल’चे नाव वाचताच मुलांना चूक कळली असती आणि एन दाबून त्यांनी नकार दिला असता.

आज कोणत्याही आज्ञेविषयी इंटरनेटवर किंवा बोलक्या संगणक-साहाय्यकाकडून क्षणात उत्तर मिळते. पण ते उत्तर दुसऱ्या आवृत्तीसाठी किंवा दुसऱ्या प्रणालीसाठी असू शकते. तुमच्या संगणकातील ‘हेल्प’ मात्र तुमच्याच शेलच्या आवृत्तीबरोबर आलेली असते आणि तिला इंटरनेटही लागत नाही. म्हणून बाहेरून मिळालेली आज्ञा वापरण्यापूर्वी ती येथे ताडून पाहावी.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत लिनक्स संगणक असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली ‘सीडी’, ‘आरएम’, ‘इको’ आणि ‘इफ’ या चार शब्दांविषयी ‘टाइप’ला विचारा आणि उत्तरे वहीत लिहा. मग ‘इको’साठी ‘टाइप’च्या पुढे आडवी रेघ व ए हे अक्षर देऊन पुन्हा विचारा. या वेळी एकाहून अधिक उत्तरे येतील. ‘इको’ घरातही आहे आणि बाहेरही! मग नुसते ‘इको’ लिहिले तर शेल यांपैकी कोणती आज्ञा चालवत असेल? उत्तरे कोणत्या क्रमाने आली आहेत ते नीट पाहा, म्हणजे तुम्हांला ते सांगता येईल.