डेव्हलपर बदलताय? आधी रोलचे दोन तुकडे करा

रात्री बाथरूमचा दिवा घालवून, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून टँकमध्ये फिल्म भरणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर एक खाज तुम्हालाही सुटली असणार. नेहमीचा डेव्हलपर सोडून दुसरा वापरून बघायची! इन्स्टावर कुणीतरी रोडिनलमध्ये धुतलेले फोटो टाकतं. तो खरखरीत ग्रेन, त्या धारदार कडा बघितल्या की आपले डी-७६ मधले फोटो एकदम मिळमिळीत वाटायला लागतात.

बघा ना वापरून. फक्त आजीच्या पंच्याहत्तरीचा रोल त्या प्रयोगाला लावू नका. प्रिंट बिघडली तर दुसरी काढता येते, पण फिल्म एकदाच डेव्हलप होते. सावलीतला चेहरा निगेटिव्हवर उमटलाच नाही, तर कुठलंही अ‍ॅप तो परत आणत नाही.

या दोघांचे स्वभावच वेगळे आहेत. कोडॅकचा डी-७६ हा १९२७ सालचा. पावडर पाण्यात कालवायची. त्यात लिटरमागे तब्बल १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं आणि ते चांदीच्या कणांच्या कडा किंचित विरघळवतं, म्हणून ग्रेन मऊ दिसतो. रोडिनल त्याहून म्हातारा, १८९१ चा. तो घट्ट द्रव एकाला पन्नास पट पाणी घालून पातळ केला की सल्फाइट नावालाच उरतं. कण जसेच्या तसे राहतात, ग्रेन ठसठशीत आणि कडा तीक्ष्ण. याची किंमत सावल्यांमध्ये मोजावी लागते, तिथला तपशील थोडा कमी येतो. त्यामुळे ४०० ची फिल्म साधारण अर्धा स्टॉप जास्त प्रकाश देऊन शूट केलेली बरी.

खरं सांगायचं तर विद्यार्थ्यांनी रोडिनलकडे वळण्याचं मोठं कारण ग्रेन नाहीच. तयार केलेला डी-७६ अर्ध्या भरलेल्या बाटलीत दोनेक महिने टिकतो. सेमिस्टर संपेपर्यंत तुमचा एकच रोल होणार असेल, तर उरलेलं सगळं मोरीत. रोडिनलची उघडलेली बाटली वर्षानुवर्षं चालते.

आता प्रयोग. एकच रोल घ्या आणि तीनच सीन ठरवा: खिडकीशी बसलेला मित्र, उन्हातली पांढरी भिंत, जिन्याखालचा अंधार. हेच तीन, याच क्रमाने, रोल संपेपर्यंत. ३६ फोटोंची फिल्म दीडेक मीटरहून थोडी लांब असते. ८० सेंटीमीटरची दोरी जवळ ठेवा, अंधारात तिच्या मापाने फिल्म कापा. मधला एखादा फोटो कापला जाईल, जाऊ दे. दुसरा तुकडा लाइटप्रूफ डब्यात बंद करूनच दिवा लावायचा, हे मात्र विसरू नका!

इलफर्डच्या एचपी५ प्लसला २० अंशांवर पाणी न घातलेल्या डी-७६ मध्ये साडेसात मिनिटं आणि एकास पन्नास रोडिनलमध्ये ११ मिनिटं लागतात. २० अंश! आपल्याकडे मे महिन्यात नळालाच तिशीचं पाणी येतं. गरम डेव्हलपरमध्ये वेळ इतका आखडतो की पाच मिनिटांच्याही खाली जातो आणि मग फिल्मवर डाग, पट्टे येण्याची भीती. टबात बर्फ टाकून बाटल्या त्यात उभ्या करा. दोन्ही तुकड्यांना थर्मामीटरचा काटा एकाच जागी हवा. टँक उलटसुलट करण्याची पद्धतही तीच. नाहीतर फरक डेव्हलपरचा की तुमच्या हाताचा, कळणार कसं?

रोडिनल मोजायला मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा. ३०० मिली टँकला जेमतेम ६ मिली लागतं, ते अंदाजपंचे ओतून चालत नाही.

निगेटिव्ह वाळल्या की आधी मोबाइल नको. खिडकीच्या उजेडात दोन्ही पट्ट्या शेजारी धरा आणि जिन्याखालचा फोटो शोधा. स्कॅनिंगचं अ‍ॅप स्वतःच उजेड-अंधार सारखा करून टाकतं, मग दोन्ही डेव्हलपर भाऊ-भाऊच दिसतात. स्कॅन करताना ऑटो बंद ठेवा.

आणि हो, रोडिनल त्वचेला चांगलंच झोंबतं, हातमोजे घाला. बाटलीवर नाव, तारीख लिहा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर ते अजिबात भरू नका, रूममेटला रात्री तहान लागते.