काडतूस पुन्हा भरताना सावकाशी का हवी

अमेरिकेत पिस्तुलाची झाडलेली काडतुसे घरी पुन्हा भरणे हा नेमबाजांचा जुना, कायदेशीर छंद आहे. पितळी पुंगळी पुन्हा वापरता येते. दारू पेटवणारा प्रायमर, दारू आणि गोळी मात्र नवी लागते. नवशिक्याने सुरुवात एका वेळी एकच काम करणाऱ्या साध्या प्रेसने, म्हणजे काडतूस भरण्याच्या यंत्राने, करावी. दारू ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी मुळात काळ्या दारूसाठी आखलेली, म्हणून ऐसपैस. आजच्या धूरविरहित दारूचे दुप्पट मापही तिच्यात मावू शकते, आणि तसे काडतूस झाडल्यास रिव्हॉल्व्हर फुटू शकते.

साध्या प्रेसवर वेळ फार जातो, सगळे टप्पे एकदम उरकणारे यंत्र तासाला शेकडो काडतुसे देते, हा आक्षेप खरा आहे. पण साध्या पद्धतीत दारू भरलेल्या पुंगळ्या पाटीवर शेजारी शेजारी उभ्या राहतात. उजेडात पाहिल्यास कमीजास्त भर गोळी बसवण्याआधीच ध्यानात येते. वेग नंतरही वाढवता येतो. म्हणून पहिला खर्च अचूक काट्यावर आणि मापांच्या छापील पुस्तिकेवर करावा. भारतात मात्र परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.